आज्ञापत्र

आज्ञापत्र : मराठ्यांच्या राज्यनीतीवरील एक महत्त्वाचा गद्य ग्रंथ. शिवकालापासून राज्याच्या सेवेत असलेले रामचंद्र नीलकंठ ऊर्फ रामचंद्रपंत अमात्य बावडेकर हे त्याचे कर्ते मानले जातात. कोल्हापूरचे छत्रपती संभाजी (१६९८–१७६०) यांच्या नावाने, राजाज्ञेच्या स्वरूपात, तो १७१५-१६ च्या सुमारास सिद्ध झाला. ग्रंथाचे कर्तृत्व व काळ यांविषयी काही अभ्यासकांनी शंका व्यक्त केल्या आहेत. तथापि त्यातील अनुभव व विचार शिवकाल आणि त्यानंतरचे स्वातंत्र्ययुद्ध जवळून पाहिलेल्या मुत्सद्द्याचे आहेत, असे सामान्यतः मानले जाते. राज्यकारभार, अर्थकारण आणि युद्धव्यवस्था या तिन्ही विषयांचा एकत्र विचार करणारा आणि प्रस्थापित व्यवस्थेच्या रक्षणावर भर देणारा असा दुसरा ग्रंथ त्या काळच्या मराठीत क्वचितच आढळेल.

पार्श्वभूमी : रामचंद्रपंत हे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी (१६७४) अष्टप्रधानांपैकी अमात्य होते. राज्याचा जमाखर्च पाहणे हे अमात्यपदाचे मुख्य काम. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला आणि राजाराम महाराजांना दक्षिणेत जिंजीस जावे लागले. त्या वेळी महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंतांवर सोपविण्यात आला व त्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब देण्यात आला. शंकराजी नारायण, संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या साहाय्याने त्यांनी राज्य तगवून धरले. १७०० मध्ये राजारामांचे निधन झाल्यावर ताराबाईंनी लढा पुढे चालविला. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहूची सुटका झाली आणि सातारा व कोल्हापूर अशा दोन गाद्या निर्माण झाल्या. १७१४ मध्ये कोल्हापुरास ताराबाई व तिचा मुलगा शिवाजी यांना बाजूस सारून राजसबाईचा मुलगा संभाजी याला गादीवर बसविण्यात आले. या तरुण राजास राज्य चालविण्याची दृष्टी यावी, हा ग्रंथाचा प्रत्यक्ष हेतू होय.

म्हणजे ग्रंथ लिहिला गेला त्या वेळी परकीय शत्रूचे संकट ओसरले होते. परंतु राज्य दुभंगले होते, खजिना रिकामा होता आणि सरदार कोणत्याही एका गादीस बांधलेले नव्हते. शिवाजी महाराजांनी घालून दिलेली घडी विस्कटत आहे, ही जाणीव ग्रंथाच्या प्रत्येक प्रकरणात आढळते.

रचना व भाषा : ग्रंथाची एकूण नऊ प्रकरणे आहेत. पहिल्या दोन प्रकरणांत शिवाजी, संभाजी व राजाराम यांच्या कारकीर्दींचा आढावा आहे. उरलेल्या सात प्रकरणांत राजा, प्रधान, सावकार, वतनदार, वृत्ती व इनाम, दुर्ग आणि आरमार असे विषय क्रमाने येतात. भाषा प्रौढ व प्रवाही असून वाक्ये लांब आहेत. संस्कृत राज्यनीतीची परिभाषा व कचेरीतील रूढ फार्सी शब्द यांचा त्यात मेळ आढळतो.

स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र ही राज्याची सात अंगे प्राचीन भारतीय राजनीतिशास्त्राने सांगितली आहेत. आज्ञापत्रात त्या परंपरेचा ठसा दिसतो. परंतु विवेचनाचा आधार शास्त्रवचने नसून प्रत्यक्ष घडलेला इतिहास हा आहे. सावकार व आरमार यांना स्वतंत्र प्रकरणे देणे, ही जुन्या शास्त्रग्रंथांत न आढळणारी गोष्ट होय.

राजा व प्रधान : राजपद हे उपभोगासाठी नसून प्रजेच्या पालनासाठी आहे, असे ग्रंथकार बजावतो. राजाने स्तुतिपाठकांपासून सावध राहावे, सेवकांस वेळेवर वेतन द्यावे, योग्य माणसाची पारख करून त्याला काम सोपवावे आणि सोपविल्यावर क्षुल्लक कारणाने त्याचा अवमान करू नये, असे त्याचे सांगणे आहे. प्रधान हा राजा व प्रजा यांना जोडणारा दुवा आहे. राजाच्या उच्छृंखलपणास आळा घालणे हेही प्रधानाचेच काम आहे. येथे राजसत्तेवर कायद्याचे बंधन नाही. बंधन आहे ते धर्माचे, पूर्वजांच्या उदाहरणाचे व अनुभवी सल्ल्याचे. ग्रंथाची परंपरानिष्ठ वृत्ती या भागात विशेष स्पष्ट होते.

सावकार व टोपीकर : व्यापाऱ्यांविषयी ग्रंथकाराची दृष्टी उदार आहे. सावकारांमुळे राज्य संपन्न होते, नवनवीन वस्तू देशात येतात आणि संकटकाळी राज्यास कर्ज उपलब्ध होते. म्हणून त्यांना त्रास होऊ देऊ नये, नव्या पेठा वसवाव्यात आणि परदेशांतील व्यापाऱ्यांनाही अभय देऊन बोलवावे, असे तो सुचवितो. व्यापाराचे संरक्षण हे राजाच्या औदार्याचे लक्षण म्हणून नव्हे, तर राज्याच्या उत्पन्नाचे साधन म्हणून त्याने मांडले आहे.

पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच व डेन या टोपीकरांना मात्र तो अन्य व्यापाऱ्यांपासून निराळे काढतो. त्यांच्या मागे त्यांची राज्ये आहेत. व्यापारातून प्रदेश मिळविण्याची त्यांना हाव आहे आणि आरमार, तोफा व दारूगोळा हे त्यांचे बळ आहे, असे त्याचे निरीक्षण आहे. त्यांना येण्याजाण्यास व व्यापारास मोकळीक असावी. पण समुद्रकिनारी किंवा खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये. वखारीस जागा देणे भागच पडले तर ती बंदरापासून काही कोस आत, सखल भागात व वस्तीच्या नजरेखाली असावी आणि तेथे पक्की बांधकामे होऊ देऊ नयेत, असे तो सांगतो. या इशाऱ्यामागे अनुभव होता. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी तोफांसह त्याला साहाय्य केले होते आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी ती वखार लुटून त्यांना शासन केले होते. व्यापारी कंपन्या लढाईही करतात, हे मराठ्यांना अशा प्रकारे प्रत्यक्ष दिसले होते.

वतनदार, वृत्ती व इनाम : देशमुख, देशपांडे, पाटील इ. वतनदार हे आपापल्या जागी लहानसे सत्ताधीशच असतात. आहे त्यात त्यांचे समाधान होत नाही. बलवत्तर सत्ता आली की ते तिला मिळतात, असे ग्रंथकाराचे मत आहे. त्यांची वतने काढून घेतल्यास अनर्थ ओढवेल आणि मोकळे सोडल्यास राज्यच उरणार नाही. म्हणून त्यांचे परंपरागत हक्क चालू ठेवावेत, परंतु ते वाढू देऊ नयेत. त्यांना तटबंदीचे वाडे बांधू देऊ नयेत आणि रयतेवर जुलूम केल्यास कठोर शासन करावे, असा मधला मार्ग त्याने सांगितला आहे.

वृत्ती व इनाम यांविषयीचे प्रकरण हे ग्रंथातील आर्थिक विचारांचे केंद्र म्हणावे लागेल. सेवकाने पराक्रम केल्यास त्याचे वेतन वाढवावे, रोख बक्षीस द्यावे, अधिक मोठे काम सांगावे. परंतु वंशपरंपरेने जमीन तोडून देऊ नये. बक्षीस म्हणून दिलेली जमीन त्या पिढीपुरती कृतज्ञता निर्माण करते. पुढच्या पिढ्या ती आपला हक्क समजतात. राज्याची भूमी मात्र कायमची कमी होते आणि भूमी कमी झाली की सैन्य व सत्ताही कमी होते. शिवाजी महाराजांनी शक्यतो रोख वेतनाची पद्धत ठेवली होती. राजारामकाली मोगलांकडे जाणारे सरदार थोपवून धरण्यासाठी वतने व सरंजाम यांची आश्वासने द्यावी लागली आणि ती रामचंद्रपंतांच्याच कारभारात द्यावी लागली. त्यामुळे या प्रकरणातील ताकीद ही जितकी पुढच्या राजास आहे, तितकीच ती आपल्या काळातील अपरिहार्य तडजोडीविषयीची साक्षही आहे.

दुर्ग : दुर्ग हे राज्याचे सार होय, हा ग्रंथातील सर्वांत प्रसिद्ध विचार. औरंगजेब १६८१ पासून मृत्यूपर्यंत दक्षिणेत झुंजत राहिला आणि १६९९ नंतरची त्याची वर्षे मुख्यतः एकेक किल्ला घेण्यात गेली. त्यांतील पुष्कळसे किल्ले लढून नव्हे तर किल्लेदारांशी वाटाघाटी करून त्याला मिळवावे लागले आणि तो पुढे सरकताच मराठ्यांनी ते परत घेतले. उघड्या मुलखास शत्रूची स्वारी आली की आश्रय उरत नाही, हे या युद्धाने शिकविले होते.

म्हणूनच किल्ल्याच्या व्यवस्थेचे वर्णन अत्यंत तपशीलवार आहे. जागा निवडताना प्रथम पाणी पाहावे. एकाच दरवाजावर अवलंबून राहू नये. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस यांच्यात अधिकार विभागलेले असावेत आणि ठराविक मुदतीनंतर त्यांच्या बदल्या कराव्यात, अशा सूचना त्यात आहेत. एका माणसाच्या फितुरीने किल्ला जाऊ नये, हे या व्यवस्थेचे मर्म आहे.

आरमार : ज्याच्यापाशी आरमार त्याची समुद्रावर सत्ता, हे सूत्र धरून ग्रंथकार आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानतो. गुराबा, गलबते इ. जहाजे फार मोठी वा फार लहान न बांधता मध्यम आकाराची बांधावीत. आरमाराचा खर्च बंदरांच्या जकातीवर न टाकता मुलखाच्या निश्चित उत्पन्नातून भागवावा. अन्यथा वेतनासाठी आरमाराचे लोक व्यापाऱ्यांना नाडतील, व्यापार बुडेल आणि जकातही बुडेल. शस्त्रबळ व व्यापार यांचा परस्परसंबंध इतक्या नेमकेपणाने मांडणारे हे विवेचन लक्षणीय आहे.

जहाजांच्या लाकडासंबंधीची सूचनाही प्रसिद्ध आहे. सागासारखे लाकूड परवानगीने तोडावे वा विकत आणावे. परंतु आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने वर्षानुवर्षे जोपासलेली असल्याने त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झालेले असेल तर मालकाला राजी करून व मोबदला देऊनच ते घ्यावे. राज्याची निकड कितीही असली तरी तिच्यासाठी रयतेच्या मालमत्तेवर बळजोरी करू नये, हे तत्त्व येथे स्पष्ट होते.

उपदेश व पुढील इतिहास : आज्ञापत्रातील उपदेशाची कसोटी पुढील शतकाच्या इतिहासाने पाहिली. त्यातील दोन महत्त्वाच्या घटना तत्कालीन औरंगाबाद सुभ्यात, एक पश्चिमेस गोदावरीच्या खोऱ्यात व दुसरी पूर्वेस जालन्याच्या उत्तरेकडे घडल्या.

पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी १७१९ मध्ये दिल्लीहून दक्षिणेतील सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा शाहूसाठी आणल्या. औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर व हैदराबाद हे ते सुभे. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा व सरदेशमुखी म्हणजे त्याव्यतिरिक्त एक दशांश. त्याच्या मोबदल्यात मराठ्यांनी १५,००० स्वारांनिशी सुभेदारास साहाय्य करावयाचे होते. वसुलाचा काही भाग राजबाबती म्हणून छत्रपतींकडे जाई व बराचसा सरदारांना सैन्यखर्चासाठी तोडून दिलेला असे. सरदार आपापल्या प्रदेशात वसुली करीत व त्यातून सैन्य ठेवीत. यातून राज्याचा विस्तार वेगाने झाला. पण आज्ञापत्राने निषिद्ध ठरविलेली गोष्टच राज्याचा पाया बनली.

निजामुल्मुल्क याने १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाचा पराभव करून दक्षिणेत आपली सत्ता स्थिर केली. मराठ्यांच्या दोन गाद्यांपैकी खरा हक्कदार कोण, असा प्रश्न उपस्थित करून त्याने चौथाई अडविली. ज्याच्यासाठी आज्ञापत्र लिहिले गेले तो कोल्हापूरचा संभाजी या वेळी निजामाच्या पक्षास मिळाला. स्वकीयांशी असलेल्या वादात परसत्तेचा आश्रय घेण्याचा वतनदारांचा जो दोष ग्रंथात वर्णिला आहे, तोच राजाच्या ठिकाणी दिसून आला.

पहिल्या बाजीरावाने १७२७ च्या पावसाळ्यानंतर जालना भागात निजामाचा मुलूख लुटला आणि वऱ्हाड, खानदेश व गुजरात अशी वेगवान चाल केली. निजामाने पुणे प्रांतात शिरून संभाजीचा अंमल जाहीर केला. परंतु बाजीराव औरंगाबादवर चालून येत आहे असे दिसताच त्याला परतावे लागले. अवजड तोफा मागे टाकून तो गोदावरी ओलांडून आला. गंगापूर व वैजापूर यांच्या गंगथडीलगतच्या प्रदेशात, वैजापूरच्या पूर्वेस असलेल्या पालखेड येथे फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस मराठ्यांनी त्याची रसद व पाणी तोडून त्यास कोंडीत पकडले. मोठी लढाई न होताच तह करणे त्याला भाग पडले. ६ मार्च १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहाने त्याने शाहूचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क मान्य केले व संभाजीचा पक्ष सोडला. पुढे १७३१ मध्ये वारणेच्या तहाने सातारा व कोल्हापूर यांच्या सीमा निश्चित झाल्या.

पालखेडचा विजय हा युद्धकौशल्याचा उत्कृष्ट नमुना आहे. परंतु त्याचे प्रशासकीय फलित मर्यादित होते. गंगापूर, वैजापूर या भागावरील निजामाचा अंमल संपला नाही. त्याच प्रदेशावर निजामाचे अधिकारी व मराठ्यांचे कमावीसदार असा दुहेरी भार रयतेवर राहिला. मुलूख ताब्यात घेऊन त्याचा बंदोबस्त करण्यापेक्षा त्याच्या उत्पन्नाचा हिस्सा घेण्याचे धोरण यात दिसते. ज्या सत्तेला हिस्सा मिळतो, परंतु प्रदेशाची जबाबदारी नाही, तिला तेथील शेती-व्यापाराच्या भरभराटीची आस्था राहणे कठीण असते.

आरमाराबाबत तर उपदेश व व्यवहार यांतील अंतर अधिकच ठळक आहे. कान्होजी आंग्रे याने (मृ. १७२९) कोकण किनाऱ्यावर इंग्रज व पोर्तुगीज यांना दीर्घकाळ थोपवून धरले होते. त्याच्या वंशजांचा पेशव्यांशी बेबनाव झाला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजी आंग्रे याच्यावर स्वारी केली. विजयदुर्गाच्या बंदरात मराठ्यांचे मोठे आरमार इंग्रजांनी जाळून टाकले. अंतर्गत शिस्तीचा प्रश्न सोडविताना समुद्रावरील संरक्षणच नाहीसे झाले.

दुसरी घटना २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत घडली. कैलना नदीजवळचे हे गाव आता जालना जिल्ह्यात आहे. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली होती. शिंदे व नागपूरकर भोसले लढाईत उतरले, होळकर अलिप्त राहिले आणि पेशवा इंग्रजांच्या बाजूस होता. महादजी शिंद्यांनी द बॉय्न या अधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभारल्या होत्या व त्यांच्या वेतनासाठी उत्तरेत दुआबातील प्रदेश त्यालाच तोडून दिला होता. अशा रीतीने जमीन, सैन्य आणि त्याचे सेनापतित्व ही तिन्ही परकीयांच्या हाती एकवटली. युद्ध सुरू होताच शिंद्यांच्या चाकरीतील अनेक इंग्रज अधिकारी निघून गेले. असईस मराठ्यांच्या तोफखान्याने आर्थर वेलस्लीच्या फौजेची मोठी हानी केली. तरीही पराभव टळला नाही. शौर्याची किंवा तोफांची उणीव नव्हती. एका खजिन्यातून पोसलेले व एका आज्ञेत चालणारे सैन्य नव्हते.

मर्यादा : या इतिहासावरून आज्ञापत्राचा सल्ला मानला असता तर मराठी सत्ता टिकली असती, असा सरळ निष्कर्ष काढणे मात्र योग्य नव्हे. रोख वेतनासाठी भरलेला खजिना लागतो आणि दीर्घ युद्धाने ओसाड झालेल्या प्रदेशात तो नव्हता. शाहू व बाळाजी विश्वनाथ यांच्यापुढे सरदारांना वाटा देणे किंवा त्यांना गमावणे एवढाच पर्याय होता. सरंजामी पद्धतीशिवाय माळवा, गुजरात व उत्तर हिंदुस्थानातील विस्तार घडला नसता. आज्ञापत्रातील राज्य हे सह्याद्री व कोकण यांच्या आश्रयाने राहणारे, आटोपशीर राज्य आहे. विस्तारणाऱ्या साम्राज्याचा महसूल कसा उभारावा, याचे उत्तर त्यात नाही. तोट्याची खरी बाजू अशी, की अडचणीच्या काळातील तडजोड अडचण सरल्यावरही मागे घेतली गेली नाही. जमीन तोडून दिल्यास ती परत येत नाही, हा ग्रंथकाराचा मुद्दा एवढ्यापुरता तंतोतंत खरा ठरला.

ग्रंथकाराचे स्वतःचे घराणेही या नियमास अपवाद नव्हते. पंत अमात्यांची बावड्याची जहागीर कोल्हापूर संस्थानात विसाव्या शतकापर्यंत वंशपरंपरेने चालू होती. शिवाय ग्रंथाची दृष्टी पूर्णतः राज्यकर्त्याची आहे. रयतेच्या रक्षणाची कळकळ त्यात आहे. पण रयतेला कारभारात स्थान नाही. जातिव्यवस्था व परंपरागत हक्क यांचा मूलगामी पुनर्विचारही त्यात नाही. जुनी घडी टिकविणे हेच त्याचे ध्येय असल्याने नव्या शस्त्रविद्येचा व पाश्चात्त्य ज्ञानाचा स्वीकार कसा करावा, या प्रश्नाकडे तो वळत नाही. टोपीकरांपासून दूर राहावे हे तो सांगतो. त्यांच्यापासून काय शिकावे हे सांगत नाही.

महत्त्व : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आज्ञापत्र मुद्रित झाल्यानंतर त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. श्रीकृष्ण व्यंकटेश पुणतांबेकर यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. शिवकालीन शासनपद्धती, दुर्गव्यवस्था व आरमार यांच्या अभ्यासाचे ते एक प्रमुख साधन आहे. बखरी राजांच्या पराक्रमाचे वर्णन करतात. आज्ञापत्र त्या पराक्रमामागील जमाखर्च मांडते. सैन्याचा खर्च कोठून येतो, तो देताना राज्याचे काय कमी होते आणि कमी झालेले परत मिळविता येते काय, हे प्रश्न त्याने केंद्रस्थानी आणले. लष्करी सामर्थ्य हे शेवटी अर्थव्यवस्थेच्या शिस्तीवर व रयतेच्या सुस्थितीवर उभे असते, हा त्याचा निष्कर्ष त्या काळाच्या मर्यादा ओलांडून आजही विचारात घेण्यासारखा आहे.